वर्गातील टिपणे : हाताने की यंत्राने?



अशा समारंभात उपदेश फार होतो. मी एका व्यवहाराच्या प्रश्नावर बोलणार आहे. मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयात गेली की घरात लॅपटॉपची मागणी होते. कारण सांगितले जाते, "व्याख्यानाची टिपणे घ्यायला." काही पालक त्यासाठी कर्ज काढतात. तेव्हा हे कारण कितपत खरे, ते तपासून पाहिले पाहिजे.

२०१४ साली पॅम म्यूलर आणि डॅनियल ओपनहायमर या अमेरिकन संशोधकांनी आपले प्रयोग प्रसिद्ध केले. टंकलेखन करणाऱ्या विद्यार्थ्यांची टिपणे लांबलचक होती, पण त्यांत वक्त्याचीच वाक्ये जशीच्या तशी उतरली होती. कल्पना समजली आहे का, हे पाहणाऱ्या प्रश्नांत हाताने लिहिणारे पुढे गेले. "शब्दशः उतरवू नका" अशी ताकीद देऊनही टंकणाऱ्यांची सवय सुटली नाही. या निष्कर्षांचा फार गाजावाजा झाला. परंतु २०१९ आणि २०२१ मध्ये इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हा गुणांतला फरक ठामपणे दिसला नाही. म्हणून लेखणी म्हणजे बुद्धी, असा डांगोरा मी पिटणार नाही.

तरीही माझा कौल वहीकडे आहे. बोलणारा मिनिटाला शंभरावर शब्द बोलतो, हात वीस-पंचवीसच लिहितो. त्यामुळे काय घ्यावे आणि काय सोडावे, हे ऐकतानाच ठरवावे लागते. सारा अभ्यास या निवडीत आहे. बोटे झपाझप चालली की ही निवड टळते.

आपल्या मुलांची आणखी एक अडचण आहे. दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेली मुलगी पदवीच्या वर्गात इंग्रजी व्याख्यान ऐकते. वहीत ती इंग्रजी संज्ञा डावीकडून लिहिते, तिचा अर्थ शेजारी उर्दूत उजवीकडून लिहिते आणि मराठी प्रतिशब्द खाली टाकते. एका पानावर तीन भाषा सुखाने नांदतात! हेच कळफलकावर करायचे तर प्रत्येक वेळी भाषा बदलावी लागते, तोवर प्राध्यापक पुढे गेलेले असतात. बेंझिनचे वलय, नकाशा, आलेख यांचेही तेच. शिवाय आपल्या विद्यापीठांच्या बहुतेक लेखी परीक्षा आजही हातानेच लिहायच्या असतात. वर्षभर न लिहिलेला हात परीक्षेत तासाभरात दुखू लागतो.

यंत्राचे गुणही मान्य केले पाहिजेत. टंकलेली टिपणे शोधता येतात, दुरुस्त करता येतात, गैरहजर मित्राला पाठवता येतात. पण वर्गात उघडलेला पडदा मालकापुरता राहत नाही. कॅनडातील एका प्रयोगात (२०१३) दुसऱ्याच्या लॅपटॉपवरील इतर उद्योग नजरेस पडणाऱ्या विद्यार्थ्यांचेही गुण घटले होते.

माझी सूचना अशी : वर्गात वही असावी, आणि त्याच संध्याकाळी ग्रंथालयातील संगणकावर ती टिपणे नीट करून उतरवावीत. त्यातच उजळणी होते. त्यासाठी संस्थेने ग्रंथालयात चार संगणक वाढवावेत, म्हणजे चाळीस घरांचे कर्ज वाचेल. मात्र ज्याचा हात अधू आहे, दृष्टी मंद आहे, त्याला वर्गात यंत्र वापरू द्यावे; आणि त्यासाठी त्याला कोणाकडे अर्ज करावा लागू नये.