तिसरीतला मुलगा वाचत का नाही?



तुमच्यापैकी बरेच जण वडाळा, जुने नाशिक भागात संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेतात, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. मराठी शाळेत तिसरीत असलेला एखादा मुलगा तोंडी हिशोब पटापट करतो, ऐकलेली गोष्ट नीट सांगतो, पण पुस्तक समोर आले की अडखळतो. शाळा म्हणते, 'घरात उर्दू बोलतात, म्हणून मराठी जमत नाही.' घरचे म्हणतात, 'लक्षच देत नाही.' ही उत्तरे सोयीची आहेत. ती दिली की पुढे कोणालाच काही करावे लागत नाही.

मी सॉफ्टवेअरचे काम करतो. प्रोग्रॅम अडला तर आम्ही कॉम्प्युटरला मारत नाही, कुठे अडला ते शोधतो. इथेही तसेच करा. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मग पाहा, उर्दू बोलणारी वर्गातली इतर मुले वाचायला लागली का? मकतबमध्ये नूरानी कायदा वाचतानाही हा असाच अडतो का, ते उस्तादांना विचारा. घरच्या बोलीतल्या 'पानी'मधला पहिला आवाज त्याला ओळखता येतो का? सगळीकडे तीच अडचण दिसली, तर कारण फक्त भाषा नसावे. निदान मात्र तज्ज्ञच करतील.

डिस्लेक्सियासारखी 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत येते. ती लवकर ओळखून शिकवण्याची पद्धत बदलणे ही शाळेची जबाबदारी आहे, असे कलम १६ सांगते. प्राथमिक स्तरावर अशा गरजा असलेल्या दर १० मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ च्या निकालात म्हटले आहे.

म्हणून पालकांसोबत मुख्याध्यापकांकडे जा. भांडू नका. समग्र शिक्षाच्या विशेष शिक्षकाकडून मुलाची तपासणी व्हावी, असा साधा अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी विनंती विसरली जाते, कागद फाइलमध्ये राहतो.

घरात विरोध होईल. 'अपंगाचा शिक्का बसेल', मुलगी असेल तर 'रिश्ता कसा येईल?' त्या आईला समजवायला आपल्या बहिणींनी जावे. तिला सांगा, शिक्का तर आधीच बसला आहे, 'ढ' म्हणून. निदान झाले तर निदान मदत तरी मिळेल. पुढे दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलतीही मिळू शकतात.

वेळ फार नाही. राज्यात आता पाचवीला वार्षिक परीक्षा आहे, पुनर्परीक्षेतही नापास झाला तर मुलगा त्याच वर्गात राहतो. त्यानंतर अनेकांची शाळा सुटते आणि गॅरेज सुरू होते. तिसरीत लक्षात आले तर हातात दोन वर्षे असतात. या आठवड्यात आपापल्या वर्गातले असे एक मूल शोधा आणि त्याचा अर्ज लिहायला बसा.