मेंदूतील तार आणि माथ्यावरील त्वचा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झोटवाडा, जयपूर येथे केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी आम्ही व्याधीचा विषय काढावा याचे काहींना नवल वाटेल. परंतु मंडळ पन्नास वर्षांचे झाले की त्याचे आरंभीचे तरुण सभासद आजोबा झालेले असतात. वार्धक्यात गाठणाऱ्या व्याधींत कंपवात हा एक प्रमुख होय. त्यावरील एका शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषा हा आजचा आमचा विषय आहे. आम्ही डॉक्टर नव्हेत. केंद्र सरकारच्या नोकरीत कागदपत्रे पाहण्यात आमचे आयुष्य गेले. औषधयोजना सांगण्याचा आमचा अधिकार नाही. घरच्या माणसांनी काय पाहावे आणि दिसल्यावर काय करावे, एवढेच निवेदन करावयाचे आहे.

इंग्लंडमधील डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली या व्याधीचे वर्णन केले, म्हणून तिला त्यांचे नाव मिळाले. औषधांनी पुष्कळ वर्षे बरे चालते. पुढे मात्र त्यांचा प्रभाव अपुरा पडू लागतो. अशा निवडक रुग्णांसाठी फ्रान्समधील ग्रेनोबल येथे प्राध्यापक बेनाबिद यांनी 1987 पासून मेंदूच्या खोल भागास सूक्ष्म विद्युत्प्रवाह देण्याची पद्धत रूढ केली. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी ती आपल्याकडे रुजविली. आज देशातील अनेक शहरांत ही शस्त्रक्रिया होते.

हिची रचना समजून घेणे अगत्याचे आहे. कवटीस छिद्र पाडून बारीक तार मेंदूत सोडतात व छिद्रावर एक छोटी टोपी बसवितात. तेथून तार माथ्याच्या त्वचेखालून, कानामागून, मानेतून उतरते आणि छातीवर गळ्याच्या हाडाखाली बसविलेल्या बॅटरीच्या डबीस मिळते. म्हणजे या साऱ्या यंत्रास बाहेरच्या जगापासून राखणारी एकच भिंत, ती म्हणजे त्वचा. तिला भेग पडली की जंतूंना वाट मिळते. परक्या वस्तूवर ठाण मांडलेल्या जंतूंभोवती एक चिकट थर जमतो आणि त्यांच्यावर औषधाचा मारा पुरेसा होत नाही. म्हणून साध्या जखमेचा आणि या जखमेचा न्याय एक नव्हे.

बहुतेक जंतुसंसर्ग पहिल्या काही महिन्यांत प्रकट होतात. त्वचा झिजून तार उघडी पडणे मात्र वर्षानुवर्षांनंतरही घडू शकते. टोपीवर आणि कानामागील सांध्यावर त्वचा मुळातच ताणलेली असते. वयाने ती पातळ होते, कंपवातात वजन घटल्याने अधिकच. या रुग्णांचे डोके तेलकट होऊन कोंडा होतो, खाज सुटते, आणि खाजविताना नख लागते. तोल जाऊन डोके आपटण्याचे भयही असतेच. मधुमेह आणि तंबाखू यांमुळे जखम भरण्यास विलंब होतो.

आपल्या राहणीतल्या दोन गोष्टी येथे आवर्जून सांगाव्याशा वाटतात. राजस्थानात लग्नसमारंभात पाहुण्यांस कसून साफा बांधतात. यजमानांचा मान राखून आजोबांनी तो हाती घ्यावा, माथ्यावर घट्ट आवळून घेऊ नये. दुसरी गोष्ट आपल्या दिवाळीची. अभ्यंगस्नानाला डोक्यावर तेल रगडणे हा आपला जिव्हाळ्याचा संस्कार. पण जखम भरेपर्यंत तेल, उटणे वर्ज्यच समजावे आणि पुढेही तारेच्या वाटेवर मर्दन करू नये. हाच नियम केशकर्तनालयातील चंपीस लागू आहे. चष्म्याची दांडी कानामागील उंचवट्यावर घासते काय, हेही पाहावे.

आता पाहण्याच्या खुणा. लाली, सूज, ऊब, दुखणे, पाणी अथवा पू येणे, वारंवार धरणारी खपली, ताणून चकचकीत व पातळ झालेली त्वचा, आणि ताप. आठवड्यातून एकदा, तर प्रारंभीच्या महिन्यांत दररोज, केस बाजूला सारून माथा, कानामागची जागा, मान आणि छाती चांगल्या उजेडात पाहावी. कंपवाताच्या रुग्णास स्वतःच्या डोक्याचा मागचा भाग दिसत नाही, आणि मुलांना त्रास नको म्हणून तो सांगतही नाही. यापैकी एकही खूण दिसली तर त्याच दिवशी छायाचित्र काढून शस्त्रक्रिया करणाऱ्या चमूस कळवावे. ताप असेल वा तार दिसू लागली तर रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. हळद लावू नये, खपली काढू नये. डबीवरील सूज सुईने काढावयास कोणास सांगू नये. त्या सुईनेच जंतू आत जाऊ शकतात. दुकानातून प्रतिजैविके आणून परस्पर सुरू करू नयेत, कारण त्यामुळे नंतरच्या तपासणीत जंतू ओळखणे कठीण होते. कंपवाताच्या गोळ्याही आपल्या मनाने बदलू नयेत.

वेळेवर पोहोचल्यास उपाय आहेत. संसर्ग वरवरचा असेल तर प्रतिजैविके आणि जखमेची निगा पुरते. खोलवर गेला असेल तर बहुधा डबी व जोडतार काढावी लागते. मेंदूतील तार निर्दोष असेल तर ती कित्येकदा राखता येते आणि संसर्ग निवळल्यावर नवी डबी बसविता येते. विलंब झाला तर सगळेच काढावे लागते आणि गेलेला कंप पुन्हा परततो.

त्वचा झिजली असेल तर प्लास्टिक सर्जन शेजारचीच त्वचा तिच्या रक्तवाहिन्यांसह फिरवून त्या जागी आणतात. या विद्येशी आपले जुने नाते आहे. टिपूबरोबरच्या युद्धात नाक कापले गेलेल्या कावसजी नामक गाडीवानास पुण्यातील एका कारागीर वैद्याने कपाळाच्या त्वचेतून नाक घडवून दिले. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने 1794 साली तो वृत्तांत सचित्र छापला आणि युरोपातील शल्यवैद्य त्यातून शिकले. त्वचेचा रक्तपुरवठा न तोडता ती वळवावी, हे तेव्हाचे तत्त्व आजही कामी येते.

राहिला प्रश्न अंतराचा. शस्त्रक्रिया मुंबईस झाली असेल तर झोटवाड्याहून ते रुग्णालय हजार किलोमीटरांहून दूर असते. म्हणून घरी निघण्यापूर्वीच तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: रात्री-अपरात्री कोणास फोन करावा, जयपुरातील कोणता मेंदूशल्यवैद्य जखम पाहील, आणि यंत्राचे ओळखपत्र कोठे ठेवले आहे. पुण्यात रुग्ण आणि त्यांचे आप्त यांनी चालविलेले पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. मराठीतून बोलणारे, त्याच वाटेने गेलेले लोक तेथे भेटतात.

आणि आपले मंडळ? मुले दूरदेशी असलेल्या कितीतरी घरांत आज दोघेच वृद्ध राहतात. त्यांच्यापैकी एकाच्या माथ्याकडे आठवड्यातून एकदा उजेडात पाहावयास शेजारचा सभासद जाऊ शकला, तर गणेशोत्सवाइतकेच तेही मंडळाचे कार्य ठरेल. कार्यकारिणीने अशा घरांची यादी याच वर्षी करावी, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.