गोदूताईंची पदवी



आज बक्षीस मिळवणाऱ्या सर्वांचं मनापासून अभिनंदन. तलासरी-डहाणूच्या या मातीत तुमच्याशी बोलायचं, तर मला गोदावरी परुळेकरांविषयीच बोललं पाहिजे. तुमच्या आजी-आजोबांच्या गोदूताईंविषयी.

जन्म १९०७ चा. पुण्यातल्या गोखल्यांचं सुखवस्तू घर, वडील वकील. गोदूताईंनीही कायद्याची पदवी घेतली. महाराष्ट्रात ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला मानल्या जातात. पुण्यात वकिली करून त्यांना नाव आणि पैसा दोन्ही कमावता आलं असतं. पण त्या पती शामराव परुळेकरांसोबत किसान सभेच्या कामात उतरल्या आणि वारली आदिवासींच्या पाड्यांवर आल्या.

इथे काय होतं? लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि ते फेडण्यासाठी नवरा-बायकोने जन्मभर त्याच्या घरी राबायचं. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. वेठ तर सगळ्यांच्याच मानगुटीवर होती. गोदूताई झोपड्यांत राहिल्या, तिथे शिजेल ते जेवल्या आणि लोकांचं म्हणणं ऐकत राहिल्या.

२३ मे १९४५ रोजी इथल्याच झरी गावात हजारो वारली जमले. यापुढे वेठ करायची नाही, असं त्यांनी एकमुखाने ठरवलं. बघता बघता लग्नगडी मोकळे झाले. मग गवत कापणाऱ्यांनी मजुरी मागत संप केला: पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. १० ऑक्टोबरला तलवाड्यात जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला, पाच जण गेले. जेठ्या गांगड हे त्यांतलं एक नाव. ते विसरू नका. एवढं होऊनही संप मोडला नाही.

हे सारं गोदूताईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिलं. १९७२ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुस्तक वाचाल तेव्हा बघा, त्यात मोठं कोण दिसतं? मालकासमोर मान वर न करणारा आणि मग एके दिवशी ताठ उभा राहणारा वारली. नेत्या स्वतः लिहीत होत्या, तरी मोठेपण त्यांनी लोकांना दिलं. मला त्यांचं हेच सर्वांत मोलाचं वाटतं. पुढे १९८६ साली, ऐंशीच्या उंबरठ्यावर, त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या.

मित्रहो, तुमच्यापैकी कित्येकांची पदवी घरातली पहिलीच असेल. ती कामाला लावा. शेजारच्या काकांना सातबारा वाचून दाखवा. वनहक्काचा दावा अडला असेल, तर कागद नीट लावून द्या. आणि या सुट्टीत आजोबा-आजींजवळ बसून, त्यांनी आपल्या आईबापांकडून जे ऐकलं ते लिहून काढा. वारलीत सांगतील तर वारलीतच लिहा. गोदूताई बाहेरून आल्या आणि त्यांनी तुमची गोष्ट लिहिली. तिचा पुढचा भाग आता तुम्ही लिहायचा आहे.