सायकलीचा मागचा दिवा

ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. हिवाळ्यात सायंकाळी गावी परतणाऱ्या मुलीची सायकल चालकाला वेळीच दिसली, तरच त्याला वेग आवरता येईल. मडगार्डवरील लाल काच परप्रकाशी. वाहनाचा झोत पडल्याखेरीज ती उजळत नाही, चिखलाने माखली तर तेवढेही नाही. जुना डायनामोचा दिवा तर सायकल थांबताच विझे. (पोलीस मात्र बिनदिव्याची सायकल कसोशीने अडवीत!) आता मोबाईलच्या चार्जरवर चार्ज होणारा, आगपेटीएवढा लाल एलईडी दिवा मिळतो. तो सीटखालच्या दांड्यावर, दप्तराने झाकणार नाही असा, सरळ मागे रोखून बसवावा. ज्यांच्या घरी वीज अवेळी येते, त्या मुलींचे दिवे शाळेतच चार्ज करून द्यावेत. खरेदीस ग्रामपंचायतीने हातभार लावावा.