हिरवा दिवा पुरत नाही



आज मला बोलायचे आहे ते नेटवर्क स्विचचा आयपी पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की उघडणाऱ्या पानाबद्दल. कमांड लाइनवर वाढलेल्या आमच्या पिढीने या पानाला कायम दुय्यम लेखले. मला ते पटत नाही. तालुक्याच्या महाविद्यालयात, पतसंस्थेत, लहान रुग्णालयात प्रिंटरपासून सर्व्हरपर्यंत सगळे एकाच माणसाच्या गळ्यात असते. त्याच्या हाती स्विचचा कारभार आला तो या पानामुळे. म्हणून ते वाचायची आणि राखायची शिस्त आपण मनापासून शिकवली पाहिजे.

पानावर जोडलेले पोर्ट हिरवे दिसतात. हिरवा म्हणजे लिंक मिळाली, एवढेच. समजा, हिशेब विभागाची तक्रार आली की पिंग लागतो, पण मोठी फाइल सरकत नाही. अशा वेळी त्या पोर्टची आकडेवारी उघडा. रिफ्रेश कराल तसा सीआरसी एररचा आकडा चढतोय? मग डुप्लेक्स बघा. बरेचदा स्विचवर कुणीतरी 100 एमबीपीएस, फुल डुप्लेक्स असे पक्के करून ठेवलेले असते आणि पलीकडचे यंत्र ऑटोवर असते. ऑटोवाल्याला वेग कळतो, डुप्लेक्स कळत नाही, म्हणून ते नियमाप्रमाणे हाफवर उतरते. स्विच मनाला येईल तेव्हा पाठवतो. पलीकडचे यंत्र त्याला टक्कर समजते आणि आपली फ्रेम अर्ध्यावर तोडते. त्या तुटक्या फ्रेमांची मोजदाद म्हणजे तो चढता आकडा. दोन्ही टोके ऑटोवर आणली की तो थांबतो. हा रकाना न पाहता किती केबली बदलल्या जातात आणि किती संगणक फॉरमॅट होतात, हे आपण सारेच जाणतो.

मात्र हे पान बहुतेक वेळा फक्त आत्ताचे सांगते. मध्यरात्री काय घडले हे कळायला नोंद लागते. 1995 मध्ये टोबियास ओटिकर यांनी इंग्लंडमधल्या लेस्टर इथल्या डी माँटफर्ट विद्यापीठात एमआरटीजी हे नोंद ठेवणारे साधन लिहिले. बाहेर जाणारी लाइन होती 64 केबीपीएसची, आणि तिच्यावर किती भार आहे हे प्रत्येकाला हवे होते. दर पाच मिनिटांनी एसएनएमपी या प्रोटोकॉलने पोर्टचा बाइट-काउंटर वाचायचा आणि आलेख वेब पानावर लावायचा, ही त्यांची पद्धत. आजची कॅक्टी, लिब्रेएनएमएस, झॅबिक्स ही साधने त्याच वाटेने चालतात आणि मोफत मिळतात. एक खबरदारी घ्या. जुना काउंटर 32 बिटांचा असतो; पूर्ण भरलेल्या गिगाबिट पोर्टवर तो सुमारे 34 सेकंदांत शून्यावर येतो. पाच मिनिटांनी वाचलात तर आलेख दिसेल देखणा, पण खोटा. 64 बिटांचाच काउंटर निवडा.

आता सुरक्षेबद्दल, आणि इथे मला कठोर बोलायचे आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये सिस्कोच्या आयओएस एक्सई प्रणालीच्या वेब पानात अशी त्रुटी उघड झाली की पासवर्डशिवाय कुणीही सर्वोच्च अधिकाराचे खाते उघडू शकत होते. गंभीरता दहापैकी दहा. ज्यांचे पान थेट इंटरनेटवर उघडे होते, ते हल्ल्यात सापडले. व्यवस्थापनाचे पान वेगळ्या व्हीलॅनमध्ये ठेवा, फक्त एचटीटीपीएसवर ठेवा, एसएनएमपीचा ‘पब्लिक’ हा सर्वज्ञात परवलीचा शब्द आजच्या आज काढा. कामाचा व्याप मोठा आहे, ही सबब इथे चालणार नाही.

शिवाय अनेक स्विचमध्ये ‘अप्लाय’ दाबले की बदल लागू होतो, जतन होत नाही. ‘सेव्ह’ वेगळे असते. भारनियमनाच्या गावात हा फरक फार महाग पडतो. वीज जाऊन आली की व्हीलॅन जुन्या जागी जातात, आणि महिन्यापूर्वीचा बदल कुणाला आठवतो?

नेटवर्क सांभाळणाऱ्यांच्या या संमेलनापुढे माझी एक मागणी आहे. आपल्या संस्थांच्या खरेदी निविदांत पोर्टांची संख्या आणि किंमत एवढेच लिहिलेले असते. एसएनएमपीची तिसरी आवृत्ती, 64 बिटांचे काउंटर, एचटीटीपीएस आणि फर्मवेअर किती वर्षे मिळणार याचे लेखी आश्वासन, या चार अटींचा नमुना मसुदा मराठीत तयार करून प्रत्येक सभासद संस्थेला पाठवावा, असा ठराव मी मांडतो.