न पाहिलेल्या बैलाला इसार देऊ नका
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावाबद्दल, ज्वारीच्या खरेदीबद्दल आज बोलणे झाले. आता भांडून मिळवलेला पैसा घरात टिकवायचा कसा, याबद्दल बोलायचे आहे.

तुमच्यापैकी पुष्कळांची पोरे आज भोसरी, पिंपरी-चिंचवड, महाळुंगे, चाकण या पट्ट्यात कारखान्यांत कंत्राटी कामाला आहेत. १९७९ साली शेतकरी संघटना याच चाकणात उभी राहिली. १९८० साली कांद्याच्या भावासाठी पुणे-नाशिक रस्ता याच भागात अडला. तेव्हा लुटणारा समोर दिसत होता. व्यापारी दिसत होता, काटा दिसत होता, सरकारही दिसत होते. आज त्याच चाकणात पाळी सुटल्यावर पोरगा खोलीवर पडल्या पडल्या मोबाइलवर जुनी मोटारसायकल शोधतो आणि लुटला जातो. लुटणारा कोणत्या राज्यात बसला आहे, हेही त्याला कळत नाही.

ही लूट चालते कशी? जाहिरातीत चांगली गाडी अर्ध्या किमतीत असते. विकणारा म्हणतो, मी फौजेत आहे, बदली झाली, गाडी घाईने काढायची आहे. वर्दीतला फोटो आणि ओळखपत्र पाठवतो. दोन्ही दुसऱ्याचे चोरलेले. गाडी दाखवा म्हटले तर म्हणतो, छावणीत आहे, पार्सलने पाठवतो. मग आधी वाहतुकीचे दोन-तीन हजार, मग गेटपासचे, मग विम्याचे. प्रत्येक वेळी सांगतो, हे पैसे परत मिळतील. आधीचे बुडतील या भीतीने पोरगा पुढचे भरतो. गाडी कधीच येत नाही.

आता विचार करा. बैलबाजारात आपण दात मोजतो, चालवून पाहतो, खोड विचारतो, आणि मगच इसार देतो. न पाहिलेल्या बैलाला कोणी इसार दिल्याचे ऐकले आहे का? मग मोबाइलवर तो नियम का सोडायचा? जुनी वस्तू घ्यायची तर समोर जाऊन, कागद तपासून, दोन माणसे बरोबर घेऊन घ्या. इसार मागणाऱ्याला एकच उत्तर द्या : आधी वस्तू, मग पैसा.

विकतानाही फसवणूक होते. तुम्ही जुने इंजिन किंवा म्हैस विकायला काढता. गिऱ्हाईक घासाघीस न करता सौदा पक्का करते आणि पैसे पाठवतो म्हणून चौकटीचे चित्र धाडते. म्हणते, हे स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. नीट ध्यानात ठेवा : पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकली की पैसा आपल्या खात्यातून जातो.

तिसरा सापळा खास शेतकऱ्यासाठी लावलेला आहे. सौर पंपाच्या कुसुम योजनेच्या नावाने खोटी संकेतस्थळे निघाली. ती नोंदणी शुल्क आणि पंपाची किंमत परस्पर भरून घेतात. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला याबद्दल वारंवार जाहीर इशारे द्यावे लागले. महाराष्ट्रात सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याचा ५ टक्के. फोनवरून कोणी 'आज रात्रीपर्यंत भरा, कोटा संपतो' म्हणाला तर पैसे भरू नका. दुसऱ्या दिवशी महावितरणच्या कार्यालयात जाऊन विचारा. योजनेच्या नावाने व्हॉट्सअॅपवर आलेली फाइलही उघडून बसवू नका. तिच्यातून तुमचे संदेश आणि ओटीपी चोराच्या हाती जातात.

बियाण्याचे वेगळे सांगतो. तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला हवे, ही मागणी जुनी आहे. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यात शेतकऱ्यांनी मान्यता नसलेले तणनाशक सहनशील कापसाचे बियाणे उघडपणे पेरले, ते त्याच मागणीसाठी. पण कुरियरने आलेले, पावती नसलेले, लॉट नंबर नसलेले पाकीट म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. आत तेच बियाणे आहे, हे सांगणार कोण? कोरडवाहू शेतीत पेरणीची संधी एकदाच येते. उगवण बुडाली तर पाकिटाचे पैसे गेलेच, हंगामही गेला. आम्ही शेतकी शिकलो तरी बियाणे नुसते हातात घेऊन त्याचा वाण ओळखता येत नाही. म्हणून परवानाधारक दुकानातून घ्या आणि पावती, पिशवी, टॅग व मूठभर बियाणे पीक निघेपर्यंत जपून ठेवा. दाद मागताना हाच पुरावा असतो.

आणि फसलोच तर? पहिली गोष्ट, लाजू नका. कारखान्यातला शिकलेला अधिकारीही फसतो. लाजेने गप्प बसलेला माणूस चोराला वेळ देतो. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो, म्हणून त्याच तासात १९३० या क्रमांकावर फोन करा. रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक सांगा. पैसा वाटेत असेल तर गोठवता येतो. मग बँकेला कळवा आणि तक्रारीचा क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये नियम घातला, की कळवल्यानंतर होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी बँकेची. पोलीस 'ही आमची हद्द नाही' म्हणाले तर सांगा, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात हद्दीचे कारण चालत नाही.

दुकानदार खरा आहे, पण माल खोटा निघाला, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी शुल्क नाही. मुंबई-दिल्लीला खेटे घालावे लागत नाहीत.

भावांनो, लुटणाऱ्याची सारी ताकद दोन गोष्टींत आहे : आपली घाई आणि आपले एकटेपण. म्हणून प्रत्येक गावातल्या शाखेने मोबाइल समजणारे दोन तरुण नेमावेत, त्यात एक मुलगी असावी. पाचशेच्या वरचा अनोळखी व्यवहार करण्याआधी त्यांना विचारायचे, हा गावाचा रिवाज करा. चाकणला, भोसरीला खोली करून राहणाऱ्या पोरांना आज रात्रीच फोन लावा आणि हे सांगा. आता मंडपातून उठण्याआधी प्रत्येकाने आपल्या फोनमध्ये १९३० हा क्रमांक लिहून घ्यावा. ज्याला लिहिता येत नाही, त्याला शेजारच्याने लिहून द्यावा.