ट्रंकेतला कॅमेरा उघडण्याआधी



दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची ट्रंक खाली उतरते आणि पुष्कळ घरांत तिच्या तळाशी एक जुना रोलचा कॅमेरा निघतो. याशिका एमएफ-२ सारखा, एकेकाळी लग्नाबारशांत मिरवलेला. धूळ दिसली की आपला हात फडक्याकडे जातो. थांबा. आधी आत रोल आहे का ते बघा.

माझ्याकडून हे चुकलं होतं. धूळ झाडायला म्हणून मी मागचं झाकण खटकन उघडलं, तर आत रोल. लगेच बंद केलं, म्हणून गुंडाळीच्या आतल्या वेढ्यांतले सुरुवातीचे फोटो वाचले. वरचे वेढे उजेडाने गेले. शेवटी काढलेले फोटो वरच्याच वेढ्यांत असतात, आणि ते माझ्या वडिलांचे होते.

मग ओळखायचं कसं? कॅमेऱ्याच्या वरच्या बाजूला रोल गुंडाळायची छोटी मूठ असते. ती वर ओढू नका. काही कॅमेऱ्यांत ओढली की झाकणच उघडतं. तिची दांडी उलगडा आणि बाणाच्या दिशेने हळूच फिरवा. सैल फिरली तर बहुधा रोल नाही. हाताला ताण लागला तर आहे. मग बुडाचं बारीक बटण दाबा आणि मूठ सावकाश फिरवत राहा. जुना रोल कडक झालेला असतो, घाई केली तर तुटतो. ताण सुटला की रोल डबीत गेला. तरीही झाकण रात्री दिवा मालवूनच उघडा. रोल धुवून देणाऱ्या स्टुडिओत द्या. रंग फिके झाले तरी चेहरे बऱ्याचदा ओळखू येतात.

आता धूळ. तोंडाने फुंकू नका, थुंकीची ओल काचेवर बसते आणि बुरशी धरते. मेडिकलमध्ये मिळणारा रबरी फुगा दाबून हवा मारा. मग कोरा, मऊ रंगाचा ब्रश फिरवा. पदराने काच पुसू नका. धुळीतला खडा काचेवर चरा पाडतो. काचेवरचा एखादा कण फोटोत दिसत नाही, पण आतला कण रोलवर लांब रेघ ओढतो.

झाकणाच्या खाचेत काळा स्पंज असतो. वर्षं गेली की तो डांबरासारखा चिकट होतो, त्याचे तुकडे आत पडतात, फटीतून उजेड शिरतो आणि फोटोवर तांबूस पट्टे येतात. लाकडी काडीने तो खरवडून काढा, खाच स्पिरिटच्या कापसाने पुसा. तिथे काळ्या लोकरीचा धागा दाबून बसवा. स्वेटर विणून उरलेली लोकर चालते.

दोन गोष्टी मात्र करू नका. कॅमेरा अडकतो म्हणून शिलाई मशीनचं तेल घालू नका. ते आतल्या पातळ पात्यांवर पसरतं आणि पाती चिकटतात. आणि फ्लॅशच्या कॅमेऱ्याचे स्क्रू खोलू नका. सेल काढले तरी आत शेकडो व्होल्टची वीज साठलेली असू शकते, जोराचा झटका बसतो. ते काम कारागिराचं.

ठेवताना सेल काढा. चामड्याच्या कव्हरात ठेवू नका, ते ओल धरतं. घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधाच्या बाटलीत येते तसली ओल शोषणारी पुडी टाकून ठेवा.

तेव्हा क्रम ध्यानात असू द्या: आधी मूठ, मग फुगा, मग ब्रश. कॅमेरा दुरुस्त झाला नाही तरी चालेल. आतली माणसं मात्र पुन्हा मिळत नाहीत.